शिक्षण आणि संशोधन एकाच शिवारात : पुण्याच्या कृषि महाविद्यालयाची कामगिरी

पुस्तके वाचून शेती शिकलेला मुलगा जन्मभर शेती केलेल्या माणसाला काय शिकविणार, हा प्रश्न महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फार जुना आहे. तो चेष्टेने विचारला जातो तसाच कळकळीनेही विचारला जातो, आणि खरे सांगावयाचे तर तो अगदीच गैरवाजवी नाही. नांगराची तास सरळ कशी काढावी, वाफसा केव्हा आला, बैल केव्हा सोडावेत, हे ज्ञान शेतकऱ्याच्या हातापायांत असते. ते वर्गात बसून मिळत नाही. मग सरकारने लोकांच्या करातून पैसा खर्चून कृषि महाविद्यालये चालवावीत ती कशासाठी? पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचा शंभरावर वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. परंतु ते उत्तर महाविद्यालयाच्या वर्गांत नसून त्याच्या शेतावर, आणि त्याहूनही अधिक त्याच्या कुंपणाबाहेर आहे.

शेतकऱ्याच्या मुलाला शेतीचे शास्त्रीय ज्ञान मिळाले पाहिजे, ही मागणी सरकारच्या आधी महात्मा जोतीराव फुले यांनी केली होती. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगितली, आणि त्याबरोबरच शेतमालाची प्रदर्शने भरवावीत, औत हाकण्याच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशांतील शेतकी शाळा पाहण्यास पाठवावे, अशा सूचनाही केल्या. औत हाकण्याची परीक्षा आणि शास्त्राचे शिक्षण या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींच्या शेजारी मांडल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यावेळी पुण्यात शेतकीचे शिक्षण अगदीच नव्हते असे नाही. १८७९ सालापासून पुण्याच्या सायन्स कॉलेजात शेतकीचा वर्ग भरत असे. परंतु तो दुसऱ्याच्या घरातला पाहुणा होता. स्वतंत्र कृषि महाविद्यालय स्थापन झाले ते १९०७ साली. त्याच सुमारास नागपूर, कानपूर, साबूर, लायलपूर आणि कोइमतूर या ठिकाणीही अशी महाविद्यालये निघाली. लागोपाठच्या दुष्काळांनी सरकारला जाग आली होती, आणि शेतीचा अभ्यास हा महसुलाच्या अभ्यासाहून निराळा आहे हे हळूहळू पटू लागले होते.

पुण्याच्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान हे रसायनशास्त्रज्ञ होते. येथे येण्यापूर्वी त्यांनी आसामातील चहाच्या मळ्यांसाठी शास्त्रीय काम केले होते. पुढे ते मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक झाले. महाविद्यालयाची जी घडी त्या काळात बसली तिच्यात एक गोष्ट विशेष होती. येथे शिकविणारा आणि संशोधन करणारा माणूस बहुधा एकच असे. रसायनशास्त्राचा अध्यापक हाच सरकारचा कृषि-रसायनशास्त्रज्ञ. वनस्पतिशास्त्र शिकविणारा हाच सरकारचा 'इकॉनॉमिक बॉटनिस्ट'. सकाळी प्रयोगशाळेत विदर्भाकडून किंवा खानदेशाकडून आलेला मातीचा नमुना पाहावयाचा, दुपारी त्याच मातीवर वर्गात बोलावयाचे, आणि सुगीच्या दिवसांत विद्यार्थ्यांना घेऊन शेतावर उभे राहावयाचे, अशी ती रीत. वरवर पाहता ही काटकसर वाटते, आणि काही अंशी ती काटकसर होतीही. परंतु तिचा परिणाम असा झाला की विद्यार्थ्याला शिळे ज्ञान मिळाले नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर गुरूलाच अद्याप सापडलेले नाही त्या प्रश्नाशी झुंजताना त्याने गुरूला पाहिले. शेतीच्या शिक्षणात याहून मोठा धडा नाही.

या रीतीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पिंपळे सौदागर या गावाची पाहणी. पुण्याजवळच्या या लहानशा गावाचा डॉ. मान यांनी डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हाणे आदी सहकाऱ्यांसह घरोघर आणि बांधोबांध फिरून अभ्यास केला, आणि १९१७ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. यातील सहकारी हे अर्थशास्त्राचे पंडित नव्हते. माती, पाणी आणि पिके हे त्यांचे विषय. तरीही गावाची जमीन कोणाकडे किती, ती किती तुकड्यांत, कर्ज किती, व्याज किती, खाणारी तोंडे किती, हे त्यांनी मोजले. सुधारित बी द्यावयाचे ते ज्याला द्यावयाचे त्याची ताकद किती, हे ठाऊक असल्याखेरीज देण्यात अर्थ नाही, ही त्यामागची दृष्टी होती.

त्या मोजणीतून जे निघाले ते विचार करावयास लावणारे होते. १७७१ साली त्या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १८१८ साली ते साडेसतरा एकर झाले. आणि १९१४-१५ साली ते अवघे ७ एकर उरले. हे ७ एकरही सलग नव्हते. दीडशेच्या आसपास खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विभागलेली होती, आणि त्यांतले शंभरावर तुकडे दहा गुंठ्यांहूनही लहान होते. भावाभावांच्या वाटणीत काळी, बरड आणि विहिरीखालची अशी प्रत्येक प्रतीची जमीन सर्वांना सारखी मिळावी म्हणून प्रत्येक तुकड्याचे पुन्हा तुकडे पडत. वाटणी न्यायाची, पण शेती अशक्य. सर्व काही अनुकूल घडले तरी शंभरांतील ८१ धारणक्षेत्रे आपल्या मालकाचे पोट भरू शकणार नाहीत, असा त्या पाहणीचा निष्कर्ष होता. गाव तगून होते ते शेतीवर नव्हे, तर खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मिळणाऱ्या मजुरीवर. मग जेथे अशी मजुरी नाही तेथे काय घडत असेल? म्हणून मान आणि कानिटकर यांनी पुण्यापासून दूरचे जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव निवडले आणि १९२१ साली दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील चित्र अधिकच काळवंडलेले होते. हातची मजुरी नाही आणि पावसाचा भरवसा नाही, अशा गावाला एखादे वाईट वर्ष किती खोल ओढून नेते हे तेथे दिसून आले.

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड शहरात गेले आहे. ज्या जमिनीचे तुकडे गुंठ्यांत मोजले जात ती आता चौरस फुटांवर विकली जाते. गाव उरले नाही; मात्र ती मोजणी उरली आहे, आणि तुकडेबंदीची चर्चा निघाली की अभ्यासकांना अजूनही तिच्याकडेच वळावे लागते.

या दोन गावांच्या पाहणीत ज्यांनी भाग घेतला त्यांपैकीच दोघांनी पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचा पाया घातला, हा योगायोग नव्हे. पुण्याजवळ मांजरीच्या शेतावर १९२३ साली ताम्हाणे यांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले. पुढे शेती संशोधनाच्या मध्यवर्ती परिषदेच्या साहाय्याने १९३३ साली सोलापूर आणि विजापूर येथे मोठी केंद्रे निघाली, आणि सोलापुरातील काम कानिटकरांनी सांभाळले. या भागात पाऊस कमी पडतो एवढेच म्हणणे पुरेसे नाही. तो वेळेवर पडत नाही, पडला तर कोसळतो, आणि कोसळलेले पाणी मातीसह ओढ्याला मिळते, हे खरे दुखणे आहे. तेव्हा पडलेला थेंब जमिनीत कसा मुरवावा आणि मुरलेला थेंब पिकाच्या मुळांसाठी कसा राखावा, या एका प्रश्नावर वर्षानुवर्षे मोजमापे झाली. त्यातून बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, पावसाळ्यात पुन्हा पुन्हा कुळवणी, दोन ओळींत दीड फुटाचे अंतर ठेवून विरळ पेरणी, आणि पीक उभे असताना कोळपण्या, अशी पद्धत ठरली. तिला पुढे 'मुंबई कोरडवाहू पद्धती' असे नाव पडले.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. या पद्धतीने उत्पन्न वाढले ते शेकडा १५ ते २० एवढेच. ज्या जमिनीत मुळात एकरी दीडदोन मण वाढ म्हणजे डोंगर वाटतो तेथेही ही वाढ शेतकऱ्याचे दैन्य हटविण्यास पुरेशी नव्हती, आणि खोल नांगरट व बांध घालणे हे एकट्या गरीब शेतकऱ्याच्या आवाक्यातलेही नव्हते. म्हणजे पिंपळे सौदागरला आणि जातेगावला जे दिसले होते तेच पुन्हा सामोरे आले. मशागतीला साथ देणारे कमी मुदतीचे आणि जमिनीच्या खोलीप्रमाणे निवडलेले वाण हवे होते. ते काम पुढच्या पिढ्यांकडे गेले. परंतु पाणी मोजण्याची जी शिस्त त्या काळात लागली तिच्यावरच पुढचे सारे उभे आहे. १९७० साली कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला तेव्हा सोलापूर हे त्याचे एक केंद्र झाले ते काही नकाशावर बोट ठेवून नव्हे.

याच काळात हवामानाचीही सांगड शेतीशी घालण्यात आली. १९३२ साली भारतीय हवामान खात्याने पुण्यात कृषि-हवामानाची शाखा काढली आणि डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषि महाविद्यालयाच्या शेतावर वेधशाळा उभी राहिली. पाऊस आणि तापमान शहराच्या छपरावर मोजून भागत नाही. पिकाच्या उंचीवर, मातीच्या पोटात आणि पानांच्या सावलीत काय चालले आहे हे मोजावे लागते, ही कल्पना त्या काळी नवी होती. आज तालुक्याचा हवामान सल्ला हातातल्या फोनवर येतो. त्याचे मूळ त्या शेतातल्या मातीत रोवलेल्या तापमापकांत आहे.

आता वाणांकडे वळू. सोलापूर, अहिल्यानगर, बीड या भागांत रब्बी ज्वारी म्हटली की मालदांडीचे नाव निघते. मूळच्या स्थानिक मालदांडीतून निवड करून मोहोळ येथील केंद्रावर विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात 'एम ३५-१' हा वाण तयार झाला. पांढरा, टपोरा, मोत्यासारखा दाणा. गोड आणि मऊ राहणारी भाकरी. जनावरांना आवडणारा उंच कडबा. आणि ओल तुटली तरी तग धरण्याचा गुण. असे वाण शोधून काढणे म्हणजे नवा शोध लावणे नव्हे, तर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या बियाण्यातून हजारो कणसे पाहून, त्यांची ओळीओळीने पेरणी करून, वर्षामागून वर्षे वाईट तेवढे टाकून देणे होय. हे काम कंटाळवाणे असते. त्यात नाव नाही आणि घाई चालत नाही.

येथेच सार्वजनिक संस्थेचे महत्त्व स्पष्ट होते. १९६४ साली संकरित ज्वारीचा पहिला वाण आला आणि खरिपात त्याने मोठी क्रांती केली. संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते, म्हणून ते तयार करणाऱ्यास दरवर्षी गिऱ्हाईक मिळते, आणि खाजगी कंपन्या त्यात उतरतात. त्यात गैर काही नाही. परंतु रब्बी ज्वारीत संकरित वाणांना तसे यश आले नाही. तेथे सरळ वाणच चालतात, आणि सरळ वाणाचे बी शेतकरी आपल्याच खळ्यातून निवडून दोनतीन वर्षे वापरू शकतो. एकदा पिशवी नेलेला शेतकरी पुन्हा दुकानात येणार नसेल तर त्याच्यासाठी बारा-पंधरा वर्षे कोण खर्च करील? ज्याला नफा मिळवावयाचा नाही तोच. महात्मा फुले कृषि विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे जे पुढचे वाण दिले ते याच कामाचा धागा पुढे नेणारे आहेत: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा आणि फुले यशोदा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. एकाच पिकाचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगळे करणे ही गोष्ट साधी दिसते; पण जमिनीत ओल किती आणि ती किती दिवस टिकते हे ज्यांनी आधी मोजून ठेवले त्यांच्यामुळेच ती शक्य झाली.

फळझाडांची हकीकत याहूनही लांब पल्ल्याची आहे. गणेशखिंडीची बाग १८७३ सालची. पुढे ती फळसंशोधनाचे केंद्र झाली. सरकारचे उद्यानतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांनी तेथे द्राक्षे, आंबा, डाळिंब अशा अनेक फळांवर काम केले; फळे शीतगृहात किती दिवस आणि किती तापमानाला टिकतात याचे प्रयोगही तेथे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातच झाले. १९३६ साली चीमा यांनी आळंदी नावाच्या जुन्या डाळिंबाच्या झाडांतून एक झाड निवडले. त्याचे दाणे मऊ होते, म्हणजे बी दाताखाली टोचत नसे. या निवडीला प्रथम बागेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'जी.बी.जी. क्रमांक १' असे रुक्ष नाव होते. पुढे १९७० साली तिचे नाव 'गणेश' ठेवण्यात आले आणि त्याच नावाने ती घरोघरी पोहोचली. कोरडवाहू मुलखात, माळरानाच्या मुरमाड जमिनीत, थोड्या पाण्यावर पैसा देणारे झाड शेतकऱ्याला मिळाले.

गणेशच्या दाण्याला रंग मात्र फिका. परदेशी बाजारात लाल दाणा मागतात. म्हणून राहुरीच्या विद्यापीठाने गणेशचा संकर 'गुल-ए-शाह रेड' या लाल दाण्याच्या रशियन वाणाशी केला, आणि त्या संकराच्या पुढच्या पिढीतून निवड करून 'भगवा' हा वाण काढला. लखलखीत केशरी साल, गडद लाल दाणे, आणि लांबच्या प्रवासात टिकण्याचा गुण यांमुळे भगव्याने सोलापूर, नाशिक, अहिल्यानगर, सांगली या जिल्ह्यांतील माळांचे रूप पालटले. तो प्रसारित झाला २००३ च्या सुमारास. १९३६ ते २००३ म्हणजे सदुसष्ट वर्षे. चीमांनी निवडलेल्या झाडाचे नातवंड ज्यांच्या दारात डोलते आहे त्यांच्यापैकी कितीकांना गणेशखिंड ठाऊक असेल? ठाऊक नसले तरी बिघडत नाही. शेतकऱ्याने गुटी बांधून शेजाऱ्याला रोप दिले आणि शेजाऱ्याने आपल्या पाहुण्याला दिले. वाण असा पसरला. अशा प्रसारावर कोणाला रॉयल्टी वसूल करता येत नाही, म्हणूनच हे काम सरकारी बागेत झाले.

पण याच प्रसारातून एक संकटही आले. तेल्या नावाने ओळखला जाणारा जीवाणूजन्य करपा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डाळिंबाच्या पट्ट्यात फार फैलावला. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ डागाच्या जागी तडकते, आणि मृगाच्या दमट हवेत काही दिवसांत बहार हातचा जातो. पावसाचे उडणारे थेंब, छाटणीची कात्री, आणि रोगट बागेतून आणलेली गुटीची रोपे ही त्याची वाहने होत. म्हणजे ज्या गुटीने वाण पसरविला तिनेच रोगही पसरविला. त्यातही मैलोन्‌मैल एकाच वाणाच्या बागा असल्यामुळे रोगाला कोठे थांबा उरला नाही. २००५ साली सोलापुरास राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघाले. मृगाऐवजी हस्त बहार धरावा, झाडांना पुरेशी विश्रांती द्यावी, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी, रोगट फांद्या व फळे जाळून टाकावीत, बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या कराव्यात, हे उपाय ठरले आणि ते करणाऱ्यांच्या बागा उभ्या आहेत. तथापि व्यवस्थापन म्हणजे रोगाशी केलेला तह होय. खरा उपाय म्हणजे रोगाला दाद न देणारा आणि तरीही बाजारात चालणारा वाण; आणि त्यासाठी कोणत्या तरी सरकारी शेतावर कोणी तरी आज अशी झाडे लावून ठेवलेली असली पाहिजेत की ज्यांना बाजारात काडीची किंमत नाही. आंबट, कठीण दाण्याची, रानटी अशी ही झाडे ताळेबंदात निव्वळ खर्च म्हणून दिसतात. जमिनीला जेव्हा शहरी भाव येतो तेव्हा अशा बागांवर पहिली नजर जाते, हे विसरता कामा नये.

१९६८ साली राहुरी येथे महाराष्ट्र कृषि विद्यापीठ स्थापन झाले, पुढे त्याला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले, आणि पुण्याचे महाविद्यालय त्याच्या कक्षेत आले. १९६९ साली अकोल्यास, आणि १९७२ साली परभणी व दापोली येथे विद्यापीठे निघून चार विभागांची चार विद्यापीठे झाली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार-शिक्षण ही तीन कामे एका छत्राखाली आणावीत असा त्यामागचा हेतू होता. चारही विद्यापीठांचे शास्त्रज्ञ दरवर्षी संयुक्त बैठकीत एकत्र येतात. नवे वाण, औजारे आणि शिफारशी तेथे तपासल्या जातात. काही मान्य होतात, काही आणखी प्रयोगांसाठी परत जातात. मान्य झालेल्या गोष्टी 'कृषिदर्शनी'त येतात. पैदासकार बियाणे विद्यापीठ तयार करते, त्यापासून पायाभूत आणि प्रमाणित बियाणे होऊन ते महाबीजमार्फत शेतकऱ्याकडे जाते. व्यवस्था नेटकी आहे. मात्र विद्यापीठ एकीकडे आणि शेतकी खाते दुसरीकडे गेल्यामुळे पूर्वी जो माणूस वर्गात, प्रयोगशाळेत आणि खेड्यात एकच होता तो तीन माणसांत वाटला गेला, हेही खरे. तिघांची गाठ पडत राहिली तर काम चालते. अध्यापकाची जागा रिकामी पडली आणि उरलेल्याला दोघांचे तास घ्यावे लागले की प्रथम बंद पडतो तो प्रयोग, कारण तासाची हजेरी रोज मागितली जाते, प्रयोगाची मागितली जात नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक संधी मात्र आज पूर्वीपेक्षा मोठी आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षी कृषीचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येऊन राहतात. गावकरी त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखतात. बीजप्रक्रिया, माती परीक्षण, चारा प्रक्रिया यांची प्रात्यक्षिके होतात, छायाचित्र निघते, दुसऱ्या दिवशी बातमी येते. प्रात्यक्षिक वाईट नाही. परंतु जी गोष्ट गावातल्या चार प्रगतिशील शेतकऱ्यांना दहा वर्षे ठाऊक आहे तीच पुन्हा दाखविण्यात विद्यार्थ्याचे आणि गावाचे दिवस खर्ची पडावेत हे योग्य नव्हे. त्याऐवजी पंचवीस विद्यार्थ्यांनी एका गावात कागद-पेन्सिल घेऊन पिंपळे सौदागरची मोजणी केली तर? गावात विहिरी आणि विंधनविहिरी किती, कोणत्या महिन्यात कोणती आटते, कोणत्या गटात कोणते पीक, किती बियाणे घरचे आणि किती विकतचे, सोसायटीचे कर्ज किती आणि सावकाराचे किती, किती खातेदार शेतीवर जगतात आणि किती शहरातून येणाऱ्या पगारावर. अशी वही दरवर्षी एका गावाची झाली आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीत व एक महाविद्यालयात राहिली, तर दहा वर्षांनी कोणता प्रयोग कोठे करावा हे ठरविण्यास दुसऱ्या कोणाच्या अहवालाची वाट पाहावी लागणार नाही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत डोके घातलेल्या मुलांनाही, पुढे ज्या खुर्चीवर बसावयाचे आहे तिच्यासमोर कोण उभे राहणार आहे, हे त्यातून कळेल. विद्यार्थी गावात येतील तेव्हा सरपंच, सोसायटीचे सचिव आणि जाणत्या शेतकऱ्यांनी आपण होऊन असे काम त्यांच्यापुढे ठेवावे.

शेतकरी बंधू-भगिनींनाही महाविद्यालयाच्या संशोधनात हात लावता येईल असे एक काम आहे, आणि त्यासाठी पदवी लागत नाही. गणेश हा वाण कोणी घडविला नाही. तो एका झाडाच्या रूपाने उभा होता आणि पाहणाऱ्याने तो ओळखला. आपल्या डाळिंबाच्या बागेत शेजारच्या सर्व झाडांना तेल्या लागलेला असताना एखादे झाड दोन-तीन बहार स्वच्छ राहिले, ज्वारीच्या वावरात ओल तुटल्यावरही एखादे ताट हिरवे उभे राहिले, तर त्याला रंगाचा पट्टा मारावा. बहार धरल्याची, फूल आल्याची आणि फळ उतरविल्याची तारीख वहीत लिहावी. झाडाला कोणत्या फवारण्या झाल्या, ते बांधाच्या वाऱ्यावर आहे की आतल्या ओळीत, हेही लिहावे, म्हणजे त्याचा चांगुलपणा जागेमुळे आहे की जातीमुळे हे तपासता येईल. मग जवळच्या कृषि महाविद्यालयाच्या किंवा कृषि विज्ञान केंद्राच्या उद्यानविद्या तज्ज्ञाला निरोप द्यावा आणि त्याला बागेत बोलवावे. बागेत रोग असेल तर फांदी किंवा गुटी स्वतः पिशवीत घालून घेऊन जाऊ नये.